योहाना वेस्टरडाइक

योहाना वेस्टरडाइक (४ जानेवारी, १८८३ – १५ नोव्हेंबर, १९६१) या डच वनस्पतिरोगशास्त्रज्ञ होत्या. १९१७ साली उट्रेक्ट विद्यापीठात नियुक्ती होऊन त्या नेदरलँड्समधील पहिल्या महिला प्राध्यापक ठरल्या.

शिक्षण

वेस्टरडाइक यांचा जन्म ॲम्स्टरडॅमजवळील एका गावी झाला. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात त्यांनी ह्यूगो द व्ह्रीस यांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्राचे अध्ययन केले. परंतु ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या शाळेतून आलेल्या नसल्यामुळे तत्कालीन नियमांनुसार मायदेशात डॉक्टरेट मिळवणे त्यांना शक्य नव्हते. त्यामुळे त्या म्युनिकला गेल्या आणि १९०६ मध्ये झुरिच विद्यापीठातून मॉस वनस्पतींवरील प्रबंधासाठी त्यांनी ही पदवी मिळवली. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, ॲम्स्टरडॅममधील विली कॉमेलिन स्कोल्टन प्रयोगशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले. मॉसचा अभ्यास करून आलेल्या या तरुणीवर आता वनस्पतींच्या रोगांची जबाबदारी होती.

कवकसंग्रह

१९०७ मध्ये कवकांचे सुमारे ८० जिवंत नमुने त्यांच्या स्वाधीन करण्यात आले. असे नमुने ठरावीक काळाने ताज्या पोषकद्रव्यावर हलवावे लागतात, अन्यथा ते मरतात. हे किचकट काम त्यांनी पाच दशके चालू ठेवले व संग्रह सुमारे १०,००० नमुन्यांपर्यंत नेला. १९२० च्या सुमारास हा संग्रह व प्रयोगशाळा बार्न येथे हलवण्यात आली.

एल्म वृक्षांचा रोग

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील एल्म वृक्ष (आपल्याकडील वावळ याच कुळातील) झपाट्याने वाळू लागले. दुष्काळ, जिवाणू, इतकेच नव्हे तर युद्धातील विषारी वायू, अशी नाना कारणे पुढे केली जात होती. वेस्टरडाइक यांच्या विद्यार्थिनी बेआ श्वार्त्झ यांनी १९२२ मध्ये त्यामागील कवक शोधून काढले, पण अनेक तज्ज्ञांनी ते मान्य केले नाही. पुढे क्रिस्टीन बाउसमान यांनी निरोगी झाडांना त्या कवकाची लागण करून श्वार्त्झ यांचे म्हणणे सिद्ध केले. हे कवक सालीतील भुंगेऱ्यांमार्फत पसरते आणि पाणी वाहणाऱ्या नलिका तुंबल्याने झाड सुकते. हे संशोधन हॉलंडमध्ये झाल्यामुळे रोगाला 'डच' हे नाव चिकटले. तो तेथे उद्भवला असा समज मात्र चुकीचा आहे.

अध्यापन

त्यांच्या मार्गदर्शनाखाली ५६ जणांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या. त्या काळातील कोणत्याही विज्ञानशाखेत हे प्रमाण विरळाच म्हणावे लागेल. १९३२ ते १९३६ या काळात त्या विद्यापीठीय स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्षा होत्या. १९५२ मध्ये त्या प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्या. कवकसंग्रहाचे संचालकपद मात्र त्यांनी १९५८ पर्यंत सांभाळले. या संग्रहाच्या संस्थेला २०१७ साली वेस्टरडाइक यांचे नाव देण्यात आले.