चिमण्यांनी सोडवलेले मलेरियाचे कोडे

पावसाळा सुरू झाला की हिवतापाचे रुग्ण वाढतात आणि त्यांच्याबरोबर एक ठरलेला प्रश्नही येतो: घरात कबुतरे येतात, कोंबड्या पाळल्या आहेत, त्यांच्यामुळे मलेरिया होतो का? नाही होत. पक्ष्यांना मलेरिया होतो हे मात्र खरे. त्यांचा परजीवी आपल्या परजीवीचा चुलतभाऊ असला तरी तो माणसाच्या रक्तात वाढत नाही. तरीही माणसाच्या मलेरियाचा उलगडा होण्यात या पक्ष्यांचा वाटा फार मोठा आहे. तो ज्यांच्या हातून झाला ते सर रोनाल्ड रॉस.

रॉस यांचा जन्म 13 मे 1857 चा, अल्मोड्याचा. वडील ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत अधिकारी. मुलाला कविता, संगीत आणि गणित यांची ओढ, पण वडिलांच्या हट्टामुळे तो लंडनला वैद्यकी शिकला आणि 1881 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला. पहिली काही वर्षे नोकरीपेक्षा कादंबऱ्या आणि गणितातच त्यांचे मन जास्त रमले.

1894 मध्ये रजेवर लंडनला गेले असताना त्यांची पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी गाठ पडली. मलेरियाचा परजीवी लाव्हरां यांनी 1880 मध्येच अल्जेरियात रुग्णाच्या रक्तात पाहिला होता. तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. डासाचा यात हात असावा, असा मॅन्सन यांचा अंदाज. मात्र डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणूस आजारी पडतो, अशी त्यांची कल्पना होती. डास चावून रोग देतो हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते.

भारतात परतल्यावर रॉस यांनी डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा सपाटा लावला. सिकंदराबादला हुसेन खान नावाच्या रुग्णाला, चावून घेतलेल्या दर डासामागे एक आणा देऊन, त्यांनी डासांना त्याचे रक्त पाजले. 20 ऑगस्ट 1897 रोजी पंखांवर ठिपके असलेल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काळ्या रंगद्रव्याच्या गोल पेशी दिसल्या. हा ॲनाफिलिस. पण पुढचे काम करायच्या आतच त्यांची बदली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला झाली. तिथे मलेरिया नावालाच! सरकारी नोकरीत हे नवे नाही, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो.

मॅन्सन यांच्या खटपटीने फेब्रुवारी 1898 मध्ये रॉस कलकत्त्याला आले. तिथे वेगळीच अडचण. मलेरियाचा हंगाम नव्हता, आणि प्लेगच्या धास्तीने लोक बोटाला सुई टोचू देईनात. मग रॉस पक्ष्यांकडे वळले. चिमण्या आणि चंडोल पकडून त्यांचे रक्त तपासले जाऊ लागले. ज्यांच्या रक्तात परजीवी सापडत, त्यांचे पिंजरे रात्री मच्छरदाणीत ठेवून आत डास सोडले जात. हे डास क्युलेक्स जातीचे, गटाराच्या घाण पाण्यात वाढणारे. माणसांत हत्तीपाय पसरवणारेही तेच. मोहम्मद बक्ष हा मदतनीस या कामात रॉस यांचा उजवा हात होता. रॉसचे नाव पाठ्यपुस्तकात आले, बक्षचे आले नाही.

आजारी पक्ष्यांवर सोडलेल्या 245 डासांपैकी 178 डासांत त्या गोल पेशी सापडल्या. हा परजीवी नसलेले रक्त प्यायलेल्या 249 डासांत एकही नाही. या पेशी आठवडाभर फुगत जात, मग फुटत आणि त्यांतून सुतासारखे असंख्य बारीक जंतू डासाच्या अंगभर पसरत. ते पुढे जातात कुठे? जुलै 1898 च्या सुरुवातीला रॉस यांना ते डासाच्या लाळग्रंथीत भरलेले दिसले. पिण्याच्या पाण्याची कल्पना तिथेच निकालात निघाली. खात्रीसाठी हे डास 28 निरोगी चिमण्यांना चावू दिले. त्यांपैकी 22 चिमण्यांच्या रक्तात पाच ते आठ दिवसांत परजीवी आले.

हे सगळे पक्ष्यांत सिद्ध झाले होते, माणसात नाही. माणसाच्या मलेरियाचे चक्र त्याच वर्षाअखेरीस इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केले. श्रेयावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात कडाक्याचे भांडण झाले. 1902 चे नोबेल एकट्या रॉस यांना मिळाले, तरी त्यांचा राग निवला नाही. माझ्या मते दोघांचेही काम मोलाचे होते, पण वाट चिमण्यांनी दाखवली होती.

1899 मध्ये रॉस यांनी भारत सोडला. पुढे सिएरा लिओन, इस्माइलिया, मॉरिशस इथे ते डबकी बुजवा, पाणी साचू देऊ नका म्हणून सांगत फिरले आणि रोगाच्या फैलावाचे गणितही मांडत राहिले. पक्ष्यांचे काम मात्र संपले नव्हते. 1920 च्या दशकात जर्मनीत मलेरियाग्रस्त कॅनरी पक्ष्यांवर पारखून प्लास्मोक्विन हे औषध निघाले. व्हायव्हॅक्स मलेरियात यकृतात दडलेल्या परजीवीसाठी आम्ही आज चौदा दिवस जे प्रायमाक्विन देतो, ते याच औषधाच्या कुळातले. ताप उतरला की चौथ्या दिवशी रुग्ण ज्या गोळ्या बंद करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हुडहुडत येतात, त्या याच.

1927 मध्ये रॉस पुन्हा कलकत्त्याला आले. ज्या रुग्णालयाच्या आवारात त्यांनी पिंजरे मांडले होते, तिथे त्यांच्या नावाच्या स्मारक-कमानीचे उद्घाटन त्यांच्या देखत झाले. 16 सप्टेंबर 1932 रोजी लंडनमध्ये, त्यांच्याच नावाच्या संस्थेत, त्यांचे निधन झाले.