नाताळ आणि टिळकांचा संन्यास

नाताळच्या या मंगल पर्वकाळी आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण होते. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि भरला संसार दुभंगला. लक्ष्मीबाई चार-पाच वर्षे दुरावल्या. परतल्या त्याही सोवळे सांभाळूनच. टिळकांनी सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करूनही टिळकांनी तुकोबांचा हात सोडला नाही. प्रभूचे गुणगान त्यांनी अभंगांतून, कीर्तनांतून केले. आमच्या वाचकांस ते परके वाटू नये. १९१७ मध्ये मिशनची वेतनाची नोकरी सोडून, संन्यास घेऊन त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. तेथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. मे १९१९ मध्ये मुंबईत त्यांनी देह ठेवला. ‘ख्रिस्तायन’ अपुरेच राहिले.