साक्षीचे मोल

5 एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. 1922 साली याच दिवशी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. स्त्रियांच्या उद्धाराचा विषय निघाला की आम्हां बडोदेकरांना प्रथम श्रीमंत सयाजीराव महाराजांचे स्मरण होते आणि ते योग्यच आहे. विधवाविवाहास 1902 साली व बालविवाहाच्या प्रतिबंधास 1904 साली त्यांनी आपल्या राज्यात कायद्याचे बळ दिले. पण महाराजांच्या पाठीशी सिंहासन होते. रमाबाईंच्या पाठीशी विद्या आणि लोकांचा आदर एवढेच होते. त्यांतला आदर त्यांनी आपल्या श्रद्धेपायी गमावला. तो कसा, हे आज आठवणे अगत्याचे आहे.

1858 साली सह्याद्रीतील गंगामूळ येथे रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नीस संस्कृत शिकविले आणि लेकीलाही ती विद्या घरातच मिळाली. 1874 च्या दुष्काळात आईवडिलांचे छत्र हरपले. थोरल्या भावाबरोबर पायी देश तुडवीत ही मुलगी कलकत्त्यास पोहोचली आणि 1878 साली तेथील पंडितांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले. पुढे भाऊ गेला. 1880 साली जातीची बंधने ओलांडून बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि दोनच वर्षांत वैधव्य आले. तान्ह्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या, तेव्हा सुधारकांनी त्यांचे मनःपूर्वक स्वागत केले. 1882 साली त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली.

1883 साली वैद्यकीच्या शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिल्याने तो बेत फसला. पण त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या वार्तेने महाराष्ट्रात खळबळ उडाली. काल ज्यांना रमाबाई सरस्वतीचा अवतार वाटत होत्या, त्यांनाच आज त्या घरभेद्या वाटू लागल्या. जोतीराव फुल्यांसारखा एखादाच त्यांच्या बाजूने उभा राहिला. 1885 साली 'सत्सार'मधून त्यांनी रमाबाईंची पाठराखण केली.

आता ख्रिस्ती मंडळींनी तरी त्यांना सुखाने नांदू दिले काय? तसेही घडले नाही. चर्चचे सारे सिद्धांत डोळे मिटून मान्य करण्यास रमाबाईंनी नकार दिला. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका उपस्थित केल्या, गळ्यातील क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत असा आग्रह धरला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तीही त्यांना पटली नाही. ज्या भगिनींनी मायेने आसरा दिला, त्यांनाच ही शिष्या अहंकारी वाटू लागली. घर सोडून आलेल्या माणसाने नव्या घरातही मान ताठ ठेवली की काय होते, याचा अनुभव रमाबाईंनी परमुलखात घेतला.

मायदेशी परतल्यावर 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. धोंडो केशव कर्वे यांच्या भावी पत्नी गोदूबाई येथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. सदन पुण्यास आले आणि वादळ उठले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, असे कळल्यावर 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. 1893 साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

लोकमान्यांना आम्ही आजही वंदन करतो, आणि त्यांच्या टीकेत तथ्यच नव्हते असेही म्हणणार नाही. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, या भरवशावर पालकांनी मुली धाडल्या होत्या. तो भरवसा ढळल्याचे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु रमाबाईंची बाजूही ऐकली पाहिजे. त्या कोणावर प्रार्थनेची सक्ती करीत नव्हत्या. आपल्या प्रार्थनेचे दार बंद करण्यास मात्र तयार नव्हत्या. दार बंद केले असते तर रानडे राहिले असते, मुली राहिल्या असत्या, प्रतिष्ठाही राहिली असती. रमाबाईंनी दार उघडे ठेवले आणि त्याची किंमत मोजली. साक्ष म्हणतात ती हीच.

परधर्म स्वीकारला म्हणजे स्वदेश सोडला, हा आरोप तेव्हा झाला आणि आजही ऐकू येतो. 1889 च्या मुंबई काँग्रेसला गेलेल्या मोजक्या स्त्री-प्रतिनिधींत रमाबाई होत्या. 1897 साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी विटंबना झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर आवाज उठविला आणि खुद्द गव्हर्नरांचा रोष ओढवून घेतला. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारलेल्या या बाईने राज्यकर्त्यांची भीड धरली नाही.

गुजरातवर तर त्यांचे ऋणच आहे. छप्पनचा दुष्काळ येथील जुन्या घरांतून अद्याप विसरला गेलेला नाही. 1891 साली सुमारे 24 लाख असलेली बडोदे राज्याची लोकसंख्या 1901 साली 20 लाखांच्याही खाली आली. त्या काळात रमाबाईंनी गुजरातेतून शेकडो निराधार मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आणले. दीड हजारांहून अधिक जीवांना तेथे अन्न, अक्षर आणि हातास काम मिळाले. यांपैकी कित्येक जणी पुढे ख्रिस्ती झाल्या, हे खरे आहे. ज्यांना ते रुचत नसेल त्यांनी स्वतःला एकच विचारावे : त्या मुली रस्त्यावर पडल्या होत्या, तेव्हा आपले पूर्वज कोठे होते?

अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालविली. 1921 साली एकुलती एक मनोरमा गेली; पुढल्या वर्षी त्या गेल्या.

1989 साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. पाठ्यपुस्तकांत आज त्या समाजसुधारक म्हणून भेटतात. हा गौरव उचितच होय. परंतु त्यांची सेवा घ्यावी आणि ती जिच्यातून उपजली ती श्रद्धा अडचणीची म्हणून वगळावी, हा व्यवहार प्रामाणिक नव्हे. ती श्रद्धा आपली असण्याची गरज नाही. आमचीही ती नाही. पण आपल्यातीलच कोणी उद्या आपल्याला न रुचणाऱ्या वाटेने निघाले, तर त्याचा आदर आपण शाबूत ठेवू काय? पुण्याने 1893 साली जे उत्तर दिले, त्याहून बरे उत्तर आपणांस देता आले, तरच या स्मृतिदिनास अर्थ आहे.