कॉलिन चॅपमन

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन (१९ मे, १९२८ – १६ डिसेंबर, १९८२) हे ब्रिटिश अभियंते, मोटारींचे रचनाकार आणि लोटस या मोटार कंपनीचे संस्थापक होते. इंजिनाची शक्ती वाढवण्यापेक्षा वाहनाचे वजन घटवणे अधिक लाभदायक असते, हा विचार त्यांनी आयुष्यभर कृतीत आणला. त्यांच्या नेतृत्वाखाली टीम लोटस या संघाने फॉर्म्युला वन शर्यतींत संघांची सात आणि चालकांची सहा विश्वविजेतेपदे मिळवली. मोटारीचे छत, दरवाजे, बॉनेट असे भाग काढून त्यांच्या जागी हलक्या पदार्थाचे भाग बसवण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिच्यामागील तत्त्व लोकप्रिय करण्यात चॅपमन यांचा मोठा वाटा मानला जातो. त्यांच्या हलक्या गाड्यांची नाजूकता आणि त्यांतून झालेले अपघात हा मात्र त्यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक वादाचा विषय आहे.

बालपण आणि शिक्षण

चॅपमन यांचा जन्म इंग्लंडमधील सरे परगण्यातील रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील स्टॅन्ली हे उत्तर लंडनमधील हॉर्न्सी येथे रेल्वे हॉटेल नावाचा मद्यालय-व्यवसाय चालवीत. १९४५ साली कॉलिन यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संरचना अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी प्रवेश घेतला. तेथील विद्यापीठीय हवाई पथकात ते विमान चालवण्यास शिकले. याच काळात त्यांनी जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीचा जोडधंदा सुरू केला. परंतु १९४७ साली सरकारने खाजगी वाहनांना मिळणारे पेट्रोलचे मूलभूत रेशन बंद केल्याने तो बुडाला. अंतिम परीक्षेत गणिताच्या विषयात ते अनुत्तीर्ण झाले आणि पुढील वर्षी ती परीक्षा पुन्हा देऊन त्यांनी पदवी मिळवली.

हवाई दलात अल्पकाळ काम केल्यावर ते ब्रिटिश ॲल्युमिनियम या कंपनीत अभियंता म्हणून रुजू झाले. इमारतींच्या बांधकामात ॲल्युमिनियमचा वापर वाढवणे, हे तेथील त्यांचे काम होते. संरचनेतील भार कोठून कोठे जातो याचा हिशेब, विमानांची ओळख आणि हलक्या धातूचा अनुभव या तिन्ही गोष्टी त्यांना पुढे मोटारींच्या रचनेत उपयोगी पडल्या.

लोटसची स्थापना

बुडालेल्या धंद्यातून उरलेल्या एका जुन्या ऑस्टिन सेव्हन मोटारीवर चॅपमन यांनी १९४८ साली आपली पहिली गाडी उभारली. त्यांची मैत्रीण हेझेल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये हे काम चाले. मूळ बॉडी उतरवून त्यांनी तिच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडची हलकी आणि ताठ बॉडी बसवली. हीच पुढे लोटस मार्क १ म्हणून ओळखली गेली. १ जानेवारी, १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंग कंपनीची स्थापना झाली. रेल्वे हॉटेलमागील जुने तबेले हा तिचा पहिला कारखाना होता. १९५४ साली चॅपमन आणि हेझेल यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली आणि एक मुलगा अशी तीन अपत्ये झाली. कंपनीच्या बोधचिन्हात चॅपमन यांच्या नावाची चार आद्याक्षरे गुंफलेली आहेत.

लोटस मार्क ६ या गाडीत पोलादी नळ्या त्रिकोणाकृती जोडून तयार केलेला हलका सांगाडा वापरलेला होता. ही गाडी सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकली जाई. ग्राहकाने ती स्वतः जोडल्यास तिच्यावर खरेदी कर लागत नसे, त्यामुळे मर्यादित ऐपतीच्या हौशी चालकांनाही ती परवडे. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन याच परंपरेतील होती. १९७३ साली तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि तिचे वंशज आजही तयार होतात.

वजन घटवण्याचे तत्त्व

मोटारीचे वजन कमी केल्यास तिचा वेग लवकर वाढतो, ती कमी अंतरात थांबते, वळणावर टायरांवर कमी भार येतो आणि इंधनही कमी लागते. अधिक शक्तीच्या इंजिनाचा लाभ प्रामुख्याने सरळ रस्त्यावर मिळतो. कमी वजनाचा लाभ मात्र चढावर, वळणावर आणि ब्रेक लावतानाही मिळतो. शिवाय एक भाग हलका झाला की त्याला आधार देणारे इतर भागही हलके करता येतात. चॅपमन यांनी यासाठी एकाच भागाकडून अनेक कामे करून घेण्याची रीत अवलंबली.

या विचाराचे ठळक उदाहरण म्हणजे १९५७ सालच्या लंडन मोटार प्रदर्शनात मांडलेली लोटस एलिट. त्या काळी मोटारीचा सांगाडा पोलादाचा असे आणि काचतंतूयुक्त प्लास्टिक (बोलीभाषेत फायबर) वापरलेच तर केवळ बाह्य आवरणासाठी वापरत. एलिटमध्ये मात्र तळ, बाजू आणि छत यांचे मिळून फायबरचे एकसंध कवच होते आणि तेच सर्व भार पेलत असे. समोरच्या काचेभोवती पोलादाची एक चौकट कवचात बसवलेली होती. तिच्यावर दरवाजांच्या बिजागऱ्या बसत, जॅक लावण्याची सोय तिच्यातच होती आणि गाडी उलटल्यास छताला आधारही तिचाच मिळे. या गाडीचे वजन सुमारे ५०० किलोग्रॅम होते. त्यामुळे १,२१६ घनसेंमीच्या इंजिनावरही ती वेगवान ठरली. तथापि फायबरच्या कवचात इंजिनाचा आवाज घुमे, दरवाजांच्या काचा खाली सरकवता येत नसत आणि ही गाडी कंपनीला आर्थिकदृष्ट्या तोट्याची ठरली. १९६२ सालच्या लोटस एलान या गाडीत चॅपमन यांनी पोलादी कण्यासारखा सांगाडा आणि त्यावर फायबरची बॉडी अशी सोपी रचना स्वीकारली.

फॉर्म्युला वनमधील कारकीर्द

१९५६ साली चॅपमन यांनी व्हॅनवॉल संघासाठी शर्यतीच्या मोटारीचा सांगाडा आखून दिला. या संघाने १९५८ साली संघांसाठीचे पहिलेच विश्वविजेतेपद पटकावले. १९५८ च्या मोनॅको ग्रां प्रीमध्ये टीम लोटसने फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. १९६० साली त्याच ठिकाणी स्टर्लिंग मॉस यांनी रॉब वॉकर यांच्या खाजगी संघाकडून लोटस १८ चालवत लोटसच्या गाडीला पहिला विजय मिळवून दिला.

१९६२ साली आलेल्या लोटस २५ मध्ये नळ्यांच्या सांगाड्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे एकसंध कवच (मोनोकॉक) वापरले गेले. विमानांमध्ये ही पद्धत रूढ होती. आधीच्या लोटस २४ च्या तुलनेत हा सांगाडा सुमारे तिप्पट ताठ आणि वजनाने निम्मा होता. स्कॉटिश चालक जिम क्लार्क यांनी १९६३ साली दहापैकी सात शर्यती जिंकून विश्वविजेतेपद मिळवले. १९६५ साली त्यांनी पुन्हा विश्वविजेतेपद आणि त्याच वर्षी अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यतही जिंकली.

१९६७ सालच्या लोटस ४९ मध्ये कॉसवर्थ डीएफव्ही हे इंजिनच गाडीच्या मागील सांगाड्याचे काम करत असे. मागची चाके थेट इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडलेली असल्याने वेगळ्या सांगाड्याचे वजन वाचले. नेदरलँड्समधील झांडवूर्ट येथे या गाडीने पहिल्याच शर्यतीत विजय मिळवला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोटस ७८ आणि ७९ या गाड्यांनी भूपरिणामाचा (गाडीच्या तळाखालील हवेच्या कमी दाबाने गाडी रस्त्यास चिकटून राहण्याचा) यशस्वी वापर केला. १९७८ साली मारियो आन्द्रेत्ती लोटसमधून विश्वविजेते झाले. १९८१ सालच्या दुहेरी सांगाड्याच्या लोटस ८८ वर मात्र बंदी घालण्यात आली.

अपघात आणि टीका

सामर्थ्याची मर्यादा गाठेपर्यंत वजन घटवण्याच्या चॅपमन यांच्या पद्धतीवर त्यांच्या हयातीतच कठोर टीका झाली. १९६० च्या बेल्जियन ग्रां प्रीच्या सरावात लोटस १८ चे चाक निखळून स्टर्लिंग मॉस गंभीर जखमी झाले. त्याच दिवशी माइक टेलर यांच्या लोटसचे स्टिअरिंग निकामी होऊन त्यांची कारकीर्द संपली. टेलर यांनी लोटसविरुद्ध केलेला दावा पुढे जिंकला. ७ एप्रिल, १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे फॉर्म्युला टू शर्यतीत जिम क्लार्क यांचा मृत्यू झाला. क्लार्क हे चॅपमन यांचे निकटचे मित्र होते आणि या मृत्यूचा त्यांना तीव्र धक्का बसला.

१९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीत दोन्ही लोटस गाड्यांचे उंच पंख मोडून अपघात झाले. त्यांतून वाचलेल्या योखेन रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहून गाड्यांच्या नाजूकतेबद्दल नाराजी कळवली आणि थोडे वजन वाढवून कमकुवत भाग मजबूत करण्याची मागणी केली. ५ सप्टेंबर, १९७० रोजी मोंझा येथे सरावादरम्यान लोटस ७२ चालवताना रिंट यांचा मृत्यू झाला. या गाडीत चाकांवरील भार हलका राहावा म्हणून पुढचे ब्रेक चाकांऐवजी गाडीच्या आत बसवलेले होते आणि ते दांड्यांनी चाकांना जोडलेले होते. पुढील उजव्या बाजूचा असा दांडा तुटल्याने अपघात झाला आणि रस्त्याकडेचा कठडा नीट बसवलेला नसल्याने तो प्राणघातक ठरला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. उरलेल्या शर्यतींत त्यांचे गुण कोणीही ओलांडू न शकल्याने रिंट मरणोत्तर विश्वविजेते ठरले. फॉर्म्युला वनच्या इतिहासातील हे असे एकमेव उदाहरण आहे.

त्या काळातील इतर संघांच्या गाड्यांतही प्राणघातक अपघात वारंवार होत असत, रस्त्याकडेची सुरक्षा व वैद्यकीय सोयी अपुऱ्या होत्या आणि लोटसची कवचबद्ध रचना नळ्यांच्या सांगाड्यापेक्षा ताठ होती, असे मुद्दे चॅपमन यांच्या बाजूने मांडले जातात.

डीलोरियन प्रकरण आणि निधन

१९७८ साली अमेरिकी उद्योजक जॉन डीलोरियन यांच्या मोटारीच्या विकासाचे काम लोटसकडे आले. उत्तर आयर्लंडमधील या प्रकल्पाला ब्रिटिश सरकारने मोठे अर्थसाहाय्य दिले होते. १९८२ साली ती कंपनी बुडाल्यावर विकासखर्चापैकी लाखो डॉलर परस्पर वळवले गेल्याचे उघड झाले. याची चौकशी सुरू असतानाच १६ डिसेंबर, १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ५४ व्या वर्षी चॅपमन यांचे निधन झाले. १९९२ साली लोटसचे वित्तप्रमुख फ्रेड बुशेल यांना या प्रकरणी तुरुंगवासाची शिक्षा झाली. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा दिली असती, असे न्यायाधीशांनी त्या वेळी नमूद केले.

वारसा

चॅपमन यांच्यानंतर टीम लोटसने १९९४ पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये भाग घेतला. आयर्टन सेना यांनी आपला पहिला फॉर्म्युला वन विजय १९८५ साली लोटसमधूनच मिळवला. मोटार कंपनीची मालकी पुढे अनेकदा बदलली. २०१७ पासून ती चीनच्या जीली समूहाकडे आहे. १९९६ साली आलेल्या लोटस एलिस या गाडीचा ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेला सांगाडा आणि सुमारे ७२५ किलोग्रॅम वजन हे संस्थापकाच्या विचारांशी सुसंगत मानले गेले.

छताचे वजन घटवण्याला या विचारात विशेष महत्त्व आहे. छत हा मोटारीचा सर्वांत उंच भाग असल्याने तेथील प्रत्येक किलोमुळे गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर गाडी अधिक कलते. सनरूफ असल्यास जाड काच, तिची चौकट, रूळ, मोटर आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या यांचे वजन त्यात भर घालते. म्हणून शर्यतीसाठी गाडी तयार करताना सनरूफ काढून तेथे ॲल्युमिनियम, फायबर किंवा कार्बन फायबरचे एकसंध पॅनेल बसवले जाते. २००३ सालच्या बीएमडब्ल्यू एम३ सीएसएल या गाडीला कंपनीनेच कार्बन फायबरचे छत दिले होते. मात्र सनरूफची चौकट बहुधा छताच्या ताठपणालाही हातभार लावते. त्यामुळे नवे पॅनेल कडांना पूर्णपणे चिकटवलेले नसल्यास किंवा काढलेल्या आडव्या पट्ट्यांची भरपाई केलेली नसल्यास गाडी उलटल्यावर छत चेपण्याचा धोका वाढतो.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्यामुळे असे बदल प्रामुख्याने बंदिस्त धावपट्टीवरील शर्यतीच्या गाड्यांपुरते मर्यादित राहतात.

वजन आणि सुरक्षितता यांतील ओढाताण सार्वजनिक वाहनांनाही चुकलेली नाही. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या एस.टी. बसगाड्यांची बॉडी दीर्घकाळ ॲल्युमिनियमची होती. अपघातात प्रवाशांना अधिक संरक्षण मिळावे म्हणून महामंडळाने पुढे पोलादी बांधणीच्या बसगाड्या तयार करण्यास सुरुवात केली. फॉर्म्युला वनमध्ये १९६१ पासूनच गाडीच्या किमान वजनाची मर्यादा होती. १९८५ पासून सांगाड्याची आघात-चाचणीही अनिवार्य झाली. चॅपमन यांनी मांडलेला हलकेपणाचा विचार आज या दोन अटींच्या चौकटीतच अमलात आणला जातो.