जॉन डाल्टन

जॉन डाल्टन (६ सप्टेंबर १७६६ – २७ जुलै १८४४) हे आधुनिक अणुसिद्धान्त मांडणारे इंग्लिश शास्त्रज्ञ होते. स्वतःच्या दृष्टिदोषाचे निरीक्षण करून त्यांनी रंगांधत्वाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला.

जीवन

इंग्लंडमधील ईगल्सफील्ड या खेड्यात एका क्वेकरपंथीय विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालवयातच ते अध्यापन करू लागले. १७९३ मध्ये ते मँचेस्टरला स्थायिक झाले.

रंगदृष्टीचा अभ्यास

१७९२ मध्ये जिरेनियमचे गुलाबी फूल त्यांना दिवसा निळे, तर मेणबत्तीच्या उजेडात तांबडे दिसले. इतरांना असा बदल जाणवत नव्हता; त्यांच्या भावाला मात्र तो जाणवला. वर्णपटातील तांबडा भाग डाल्टन यांना केवळ छायेसारखा भासे. १७९४ मध्ये त्यांनी या विषयावर मँचेस्टर येथे निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतील द्रव निळा असून तो तांबडा प्रकाश शोषून घेतो, असे त्यांचे अनुमान होते. त्याची शहानिशा व्हावी म्हणून मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत, अशी सूचना त्यांनी दिली होती.

मृत्यूनंतरचे संशोधन

डॉ. जोसेफ रॅन्सम यांनी डोळे तपासले, तेव्हा द्रव पारदर्शक आढळला व अनुमान चुकीचे ठरले. तथापि डोळ्यांचे अवशेष जतन करण्यात आले. १९९५ मध्ये त्यांतील डीएनएच्या परीक्षणात, हिरव्या प्रकाशाला प्रामुख्याने प्रतिसाद देणाऱ्या रंगद्रव्याचे जनुक नसल्याचे दिसले. दोष द्रवात नव्हे, तर दृष्टिपटलात होता. रंगांधत्वाला ‘डाल्टनिझम’ असेही म्हणतात.