सुंदर ते चांगले असतेच का?



सत्य, शिव आणि सुंदर ही तीन नावे आपण एका दमात घेतो. जणू एकाच घरातली सख्खी भावंडे! पण जे सुंदर ते खरे आणि चांगले असतेच का? हा प्रश्न एका लेखकाला वर्षानुवर्षे छळत राहिला आणि त्याचे उत्तर देताना त्याने स्वतःच्याच जगप्रसिद्ध पुस्तकांवर फुली मारली. ते लेखक म्हणजे लिओ टॉलस्टॉय.

टॉलस्टॉय यांचा जन्म १८२८ साली रशियातील यास्नाया पोल्याना येथे एका उमराव घराण्यात झाला. नऊ वर्षांचे होण्याआधीच आईवडील दोघेही गेले. विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सुटले, जुगाराचे व्यसन लागले. पुढे ते सैन्यात गेले. वेढ्यात सापडलेल्या सेव्हास्तोपोल शहरात त्यांनी युद्ध जवळून पाहिले आणि १८५५ साली त्यावर लिहिले. आपल्या गोष्टीचा नायक कोणी शूर अधिकारी नसून सत्य आहे, असे त्यांनी त्यात सांगून टाकले. सरकारी तपासनिसांनी त्या लेखनाला बरीच कात्री लावली.

१८५९ साली त्यांनी आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिथे शिक्षा नव्हती आणि गृहपाठही नव्हता! एकदा मुलांबरोबर ते गोष्ट रचत होते. गोष्टीतला एक शेतकरी घाईने बाहेर निघतो. फेदका नावाच्या मुलाने सुचवले, की त्याच्या अंगात बाईमाणसाचा कोट असावा. टॉलस्टॉय थक्क झाले. घाईत जो हाती लागेल तो कोट माणूस चढवतो. त्या एका तपशिलाने सारे घर डोळ्यांपुढे उभे राहिले. मुलांनी आपल्याकडून लिहायला शिकावे की आपण मुलांकडून, असा प्रश्न त्यांनी १८६२ साली एका लेखात जाहीरपणे विचारला.

'युद्ध आणि शांती' व 'अ‍ॅना कॅरेनिना' या कादंबऱ्यांनी त्यांना मोठी कीर्ती दिली. 'अ‍ॅना कॅरेनिना'च्या सुरुवातीच्या खर्ड्यांत अ‍ॅना फारशी चांगली बाई नव्हती. पण लिहिता लिहिता तिचे मन त्यांना कळत गेले आणि वाचकाला तिच्याविषयी कळवळा वाटावा, अशी ती उतरली.

पन्नाशीच्या सुमारास मात्र त्यांना आपले सारे जगणेच पोकळ वाटू लागले. कलेविषयी सुमारे १५ वर्षे विचार करून त्यांनी 'कला म्हणजे काय?' हे पुस्तक लिहिले. ते १८९८ साली पूर्ण प्रसिद्ध झाले. साने गुरुजींनी ते मराठीत आणले. पुस्तकाच्या आरंभी एका संगीत नाटकाची तालीम आहे. दमलेल्या कलावंतांवर संचालक सारखा खेकसतो आहे. एवढी माणसे राबवून, त्यांचा अपमान करून जे सुंदर घडते, ते कोणासाठी, असे टॉलस्टॉय विचारतात. जिभेला रुचले म्हणून अन्न अंगी लागतेच असे नाही. तसेच डोळ्यांना आणि कानांना रुचले म्हणून ते भले ठरत नाही. सत्य तर पुष्कळदा भ्रम दूर करते, आणि सौंदर्याला भ्रमच हवा असतो. म्हणून या तिघांना एक मानू नये, असे त्यांचे म्हणणे. कलावंताने मनापासून अनुभवलेली भावना दुसऱ्यापर्यंत पोहोचावी आणि माणसे जवळ यावीत, ही त्यांची कसोटी होती. त्या कसोटीवर त्यांनी आपल्या फक्त दोन छोट्या गोष्टी ठेवल्या. दोन्ही मुलांच्या वाचनासाठी लिहिलेल्या होत्या!

हा न्याय आम्हाला फार कठोर वाटतो. बेथोव्हेनची नववी सिंफनीही त्यांनी वाईट कलेत काढली होती. शिवाय अ‍ॅनाची गोष्ट त्यांच्याच म्हणण्याविरुद्ध साक्ष देते. तिथे त्यांनी सत्य सोडले नाही, म्हणून करुणा आली. आणि सौंदर्य मागोमाग आले. टॉलस्टॉय स्वतः तरी लेखणी कुठे टाकू शकले? शस्त्र धरण्यास नकार दिल्यामुळे छळ सोसणाऱ्या दुखोबोर पंथाच्या लोकांना कॅनडात जाता यावे, म्हणून त्यांनी १८९९ साली 'पुनरुत्थान' ही कादंबरी पुरी केली आणि तिचे पैसे त्या कामाला दिले.

१९१० साली, ८२व्या वर्षी, ते एका रात्री घर सोडून निघाले आणि थोड्याच दिवसांत अस्तापोवो या रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. सर्वांना सुखी करणारे गुपित कोरलेली हिरवी काठी रानात पुरली आहे, असे लहानपणी थोरल्या भावाने त्यांना सांगितले होते. त्याच जागी त्यांना पुरले आहे. त्यावर दगड नाही, नावही नाही.

निबंध तपासताना आम्ही शिक्षकही अलंकारिक वाक्यांना चटकन गुण देतो, हे कबूल केले पाहिजे. तेव्हा मित्रहो, पुढच्या अंकासाठी लिहाल, ते स्वतः पाहिलेले लिहा. फेदकाचा तो कोट आम्हीही लक्षात ठेवू.