चार्जरवर ज्याचं नाव असतं, त्या व्होल्टाला वाटायचं बॅटरी कधी संपणारच नाही

तुमच्या लॅपटॉपचा चार्जर उलटा करून बघा. बारीक अक्षरांत आउटपुट लिहिलेलं असेल, बहुतेक 19 किंवा 20 व्होल्ट. ज्या यूएसबी पोर्टला आपण माऊस आणि कीबोर्ड जोडतो, तो साधारण 5 व्होल्ट देतो. टीव्हीच्या रिमोटमधला सेल दीड व्होल्टचा.

हा व्होल्ट शब्द आलाय एका माणसाच्या आडनावावरून. ॲलेसांद्रो व्होल्टा. सतत वीज देणारी पहिली बॅटरी बनवणारा माणूस.

आज स्क्रीनवर 20 टक्क्यांची वॉर्निंग आली की आपण प्लग शोधत फिरतो. पण ज्यानं बॅटरी शोधली, त्याचा मात्र ठाम समज होता की ती कधी संपणारच नाही.

चार वर्षांचा होईपर्यंत बोलायचाच नाही

व्होल्टाचा जन्म 18 फेब्रुवारी 1745 चा, उत्तर इटलीतल्या कोमो गावचा. सोलापूरची ओळख जशी चादरीमुळं, तशी कोमोची रेशमामुळं. घराणं मोठं, पण पैसा उरला नव्हता. पोरगं चार वर्षांचं झालं तरी नीट बोलेना, तेव्हा घरच्यांना वाटलं याच्या डोक्यात काहीतरी कमी आहे. सात वर्षांचा असताना वडील गेले.

शाळेत मात्र तो सगळ्यांच्या पुढं निघाला. धर्मगुरू व्हावं असं शिक्षकांना वाटायचं, वकील व्हावं असं नातेवाईकांना. त्यानं दोघांचंही ऐकलं नाही. विद्यापीठात न जाता तो विजेवरची पुस्तकं वाचत आणि स्वतःच प्रयोग करत शिकला.

1776 मध्ये माजोरे तलावाच्या काठी चिखल ढवळल्यावर बुडबुडे येताना त्याला दिसले. त्यानं तो वायू बाटलीत भरला आणि पेटवून पाहिला. तो होता मिथेन, आपल्या गोबरगॅसमधला मुख्य वायू. 1779 मध्ये हा पदवी नसलेला माणूस पाव्हिया विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला.

भांडण बेडकाच्या पायावरून

त्याच काळात बोलोन्यामध्ये लुईजी गॅल्व्हानी नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. दोन वेगवेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की मेलेल्या बेडकाचा पाय झटका देतो, हे त्यांनी पाहिलं होतं. प्राण्याच्या शरीरातच वीज असते, असा निष्कर्ष त्यांनी 1791 मध्ये छापला.

व्होल्टाला आधी ते पटलं. मग त्यानं स्वतः प्रयोग केले आणि शंका आली. दोन वेगळ्या धातूंचे तुकडे जिभेला लावून एकमेकांना टेकवले की विचित्र चव येते, हे त्याला दिसलं. मग त्यानं मत मांडलं की वीज येते ती धातूंमधून, बेडकाचा पाय फक्त ती दाखवतो. युरोपातले शास्त्रज्ञ दोन गटांत विभागले गेले.

मध्येच राजकारण आलं. 1796 मध्ये नेपोलियनची फौज इटलीत घुसली. नव्या सत्तेशी निष्ठेची शपथ घ्यायला गॅल्व्हानींनी नकार दिला आणि नोकरी गमावली. डिसेंबर 1798 मध्ये ते वारले. व्होल्टा मात्र जो सत्तेत येईल त्याच्याशी जुळवून घेत राहिला.

मार्च 1800

13 मार्च 1800 ला पुण्यात नाना फडणवीसांचं निधन झालं. बरोबर एका आठवड्यानं, 20 मार्चला, व्होल्टानं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना एक लांबलचक पत्र लिहिलं.

पत्रात एका साध्या वस्तूची माहिती होती. चांदीची चकती, त्यावर जस्ताची चकती, त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. मग पुन्हा तोच क्रम, असा थरावर थर. या चळतीच्या दोन्ही टोकांना हात लावला की झटका बसायचा, आणि पुन्हा लावला की पुन्हा बसायचा.

तोपर्यंतची वीज साठवायची उपकरणं एका ठिणगीत रिकामी व्हायची. इथं पहिल्यांदाच वीज वाहत राहिली. काही आठवड्यांतच लंडनमध्ये निकोल्सन आणि कार्लाईल यांनी अशीच चळत बनवून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. 1801 मध्ये पॅरिसला खुद्द नेपोलियननं व्होल्टाचे प्रयोग पाहिले आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. 1810 मध्ये तो काउंट झाला.

चुकलं कुठं?

व्होल्टाच्या मते दोन धातूंचा नुसता स्पर्श झाला की वीज तयार होते. स्पर्श संपत नाही, म्हणजे वीजही संपणार नाही.

प्रत्यक्षात त्याच्या चळतीतलं जस्त हळूहळू झिजत होतं. वीज येत होती ती त्या रासायनिक क्रियेतून. शिवाय वरच्या चकत्यांच्या वजनानं पुठ्ठ्यातलं पाणी पिळून निघायचं आणि चळत बंद पडायची. 1830 च्या दशकात मायकेल फॅरेडेनं रसायन आणि विजेचा हिशोब पक्का मांडला, पण तोवर व्होल्टा हयात नव्हता. 1819 मध्ये निवृत्त होऊन तो कोमोजवळ कामनागोला राहायला गेला होता. 5 मार्च 1827 ला त्याचं निधन झालं.

गॅल्व्हानीही अर्धे बरोबर निघाले. शरीरात वीज असतेच, ईसीजी काढताना तीच तर मोजतात. 1881 मध्ये पॅरिसच्या परिषदेत विजेच्या दाबाच्या एककाला व्होल्टाचं नाव मिळालं.

याचा तुमच्या लॅपटॉपशी संबंध काय?

लॅपटॉपमधली लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये सोनीनं बाजारात आणली. तिच्यातली क्रिया उलटी फिरवता येते, म्हणून ती पुन्हा चार्ज होते. पण दर फेरीला थोडी झीज होतेच. म्हणून एवढं लक्षात ठेवा:

- वायरचा माऊस आणि कीबोर्ड लॅपटॉपच्याच बॅटरीवर चालतात. साधा माऊस फार कमी वीज घेतो, पण रंगीत लाइटचा कीबोर्ड आणि बाहेरची हार्ड डिस्क जास्त खातात. यूएसबी 2.0 पोर्टमधून 500 मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे अडीच वॅट जाऊ शकतात. काम झालं की काढून ठेवा.
- वायरलेस माऊसमध्ये स्वतःचा सेल असतो. तरी त्याचा छोटा रिसीव्हर लॅपटॉपकडूनच थोडी वीज घेतो.
- लाइट गेलेली असताना लॅपटॉपवरून मोबाईल चार्ज करू नका. आधी स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा, सगळ्यात जास्त फरक तिथंच पडतो.
- बॅटरीची झीज उष्णतेनं वाढते. सोलापुरात मे महिन्यात पारा 40 च्या वर असतो, तेव्हा बंद गाडीत किंवा गादीवर लॅपटॉप ठेवू नका.
- रोज शून्यापर्यंत उतरवू नका. 20 ते 80 टक्क्यांच्या मध्ये ठेवली तर बॅटरी जास्त वर्षं टिकते.

व्होल्टाच्या चळतीत जस्त झिजत होतं, तुमच्या बॅटरीत आतली रसायनं झिजतात. ती झीज थांबवता येत नाही, पण तिचा वेग कमी करणं तुमच्या हातात आहे.